गोधडीवरील फूल : पनवेल परिसराच्या संदर्भात तुकडेकामाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

पनवेलच्या इतिहासाची मांडणी करताना खाडीचे बंदर, बोरघाट आणि बैलगाडी या तीन गोष्टी टाळता येत नाहीत. १८३० मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरील माल पनवेलमार्गे मुंबईला जाण्याचे प्रमाण वाढले. गाड्यांची चाके तयार करण्याचा धंदा येथे नावारूपाला आला. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर या वाहतुकीचा मोठा भाग दुसरीकडे वळला. हा सारा तपशील कागदोपत्री सापडतो, कारण चाक विकले जात होते, त्यावर पैसा आणि कर यांचा व्यवहार होत होता. त्याच गाडीत अंथरलेली गोधडी मात्र विकली जात नव्हती. ती घरात तयार होई, घरातच वापरली जाई आणि अखेरीस पायपुसणे होऊन संपे. जी वस्तू बाजारात येत नाही तिची नोंद होत नाही, आणि जी वापरून संपते ती संग्रहालयात पोहोचत नाही. स्त्रियांच्या श्रमाचा एक मोठा भाग या दुहेरी कारणाने इतिहासाबाहेर राहिला आहे. प्रस्तुत लेखात गोधडीच्या एका विशिष्ट प्रकाराचा, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या जमिनीवर कापडी फुले शिवण्याच्या पद्धतीचा, विचार केला आहे.

थर आणि तुकडा

गोधडी म्हटले की ठिगळे डोळ्यांसमोर येतात. परंतु ठिगळ हा तिचा मूळ गुणधर्म नव्हे. मूळ गुणधर्म आहे थर. जुनी लुगडी, धोतरे, पासोड्या एकावर एक पसरायच्या, कडा आत मुडपायच्या आणि कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याने शिवत जायचे, ही महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी पद्धती होय. हिलाच अनेक भागांत वाकळ म्हणतात, तर कानडी सीमेवर कौदी. गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहेत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते रूढ होते. संस्कृतातील 'कंथा' त्याहून पुष्कळ जुनी. अंगावर चिंध्यांची गोधडी वागविणाऱ्या गाडगे महाराजांना लोकांनी 'गोधडे महाराज' म्हटले, यावरून या वस्त्राला दारिद्र्याबरोबर वैराग्याचाही अर्थ चिकटला होता हे लक्षात येते.

तुकड्यांचा प्रश्न वेगळा आहे. नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही वस्त्रे न शिवता वापरण्याची. ती फाटली तरी त्यांचे लांबरुंद भाग शिल्लक राहतात; चौकोनी वा त्रिकोणी कात्रण त्यांतून सहजासहजी निघत नाही. कात्रण निघते ते शिवलेल्या कपड्यातून. जुन्या काळी असा कपडा म्हणजे मुख्यतः चोळी, बंडी, अंगरखा, मुलांची कुंची आणि झबले. म्हणून जुन्या धाटणीच्या गोधड्यांत खणाचे त्रिकोण दिसतात, पण ते थोडे आणि जपून वापरलेले. कात्रण मुबलक होण्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागल्या : गिरणीचे स्वस्त कापड, शिवणयंत्र आणि गावोगावचे शिंप्याचे दुकान. दावर यांच्या मुंबईतील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि पुढील अर्धशतकात गिरणीचे कापड मुंबईलगतच्या मुलखात नित्याचे झाले. परकर-पोलकी, सदरे, झगे शिवले जाऊ लागले. तेव्हा तुकडे जोडून आखीव जमीन तयार करणे ही जितकी काटकसर तितकीच ती नव्या विपुलतेचीही खूण मानावी लागते. गोधडी म्हणजे केवळ अभावाचे अपत्य, असे जे सरसकट म्हटले जाते ते म्हणूनच अपुरे वाटते.

फूल कोठून आले?

येथे थोडे समुद्रापलीकडे पाहणे उपयुक्त ठरेल. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरील फुलापानांच्या छिटांनी इंग्लंडमधील घरे सजली. तेथील विणकरांच्या दबावामुळे १७०० च्या कायद्याने अशा कापडाची आयात आणि १७२१ च्या कायद्याने त्याचा वापर रोखला गेला. ही बंदी १७७४ मध्ये उठली. छीट दुर्मिळ झाली तेव्हा तिच्यातील एकेक फूल कातरून साध्या कापडावर शिवण्याची युक्ती तेथील स्त्रियांच्या उपयोगी पडली. एका वारातील फुले अशा रीतीने सबंध पलंगपोसावर पसरता येत. लेव्हन्स हॉल येथील १७०८ च्या सुमाराचे, इंग्लंडमधील सर्वांत जुन्यांपैकी गणले जाणारे तुकडेकाम भारतीय छिटांचेच आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात उलटा प्रवाह वाहिला. मँचेस्टरची यंत्रावर छापलेली फुले भारतीय बाजारात आली, मागोमाग मुंबईच्या गिरण्यांचीही. कोकणातील बाईच्या हाती आलेले गुलाबाचे चीट हे या लांबच्या फेऱ्याचे शेवटचे टोक होते. शिवणकामाच्या शाळांनीही या आवडीला वळण दिले. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या व रमाबाई रानडे यांनी वाढविलेल्या सेवासदनात शिवण-भरतकाम हा शिक्षणाचा भाग होता.

फूल शिवण्याची कृती पाहिली म्हणजे तिच्यामागील विचार कळतो. प्रथम तुकडे जोडून जमीन तयार होते. जेथे चार तुकड्यांची टोके मिळतात तेथे शिवणींची गाठ जाड होते आणि टोके सहसा नेमकी जुळत नाहीत. फूल बहुधा तेथेच बसविले जाते. ते दोष झाकते आणि कमकुवत सांधा पक्का करते. पाकळी कापताना कडेला मुडपण्यापुरते कापड जास्त ठेवावे लागते, आतल्या वळणावर बारीक चिरा द्याव्या लागतात, बाहेरच्या वळणावर चुणी दाबावी लागते. मग तुरपाईचे टाके, आणि सर्व थर एकत्र आल्यावर पाकळीच्या कडेने पुन्हा धावदोरा. नवे कापड आधी धुवून आटवून घेतले नाही तर पहिल्याच धुण्यात फूल आक्रसते आणि जमिनीला सुरकुत्या पडतात. अंगावरच्या कपड्यातील भोकावर ठिगळ लावणारी बाई ठिगळ दिसू नये म्हणून झटते. तीच बाई गोधडीवर ठिगळाला पाकळ्या कातरते.

या संदर्भात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची 'कवंद' फार बोलकी आहे. हा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होता. हल्याळ, यल्लापूर परिसरातील या आफ्रिकी वंशाच्या समाजात जुन्या साडीवर कडेपासून तुकडे शिवत मध्याकडे जातात आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना 'फूल' म्हणतात. फुलांवाचून कवंद उघडी, नग्न मानली जाते. उपयोगाच्या दृष्टीने या फुलाचे काम काहीच नाही, तरी त्यावाचून वस्तू पूर्ण होत नाही. तुकडेकामाला 'टाकाऊतून टिकाऊ' या शालेय वाक्प्रचारात बसविणाऱ्यांनी याचा विचार करणे आवश्यक आहे.

वस्त्र बदलले, घर बदलले

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये कापड नियंत्रणाचा आदेश निघाला. त्या काळात जुने लुगडे ही मालमत्ताच होती. पुढे नायलॉन, टेरिलीन आले. हे कापड फाटत नाही, घाम शोषत नाही, थरातून निसटते. सुती गोधडीतली ऊब त्याला येत नाही. नऊवारीच्या जागी पाचवारी आल्याने थरासाठीचे कापडही घटले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचा सुती कापडाचा धंदा पूर्वस्थितीला आला नाही.

पनवेल परिसरात याच्या जोडीला जमिनीचा प्रश्न होता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी भातशेती संपादित झाली, आणि १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात गोळीबार झाला. या घडामोडींचा इतिहास मोबदला आणि भूखंड यांच्या भाषेत लिहिला गेला आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु शेतीबरोबर भातकापणीनंतरचा रिकामा काळ, अंगण, आणि एका गोधडीभोवती चौघींना बसता येईल अशी ओटीही गेली. सदनिकेच्या खोलीत पलंग आणि गादी आल्यावर गोधडी माळ्यावर चढली.

अलीकडे गोधडीला शहरी बाजारात मागणी आली आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर ग्रंथ सिद्ध केला. मात्र बाजारासाठी शिवलेल्या गोधडीत नवे, एकाच ताग्याचे कापड वापरले तर फुले सुबक येतात आणि कापडाची वंशावळ नाहीशी होते. जुन्या गोधडीत आजीचे लुगडे, वडिलांचे धोतर, बाळाचे झबले ओळखता येते. ते ओळखणारी माणसे आहेत तोवरच. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना विद्यार्थ्यांच्या घरांतूनच ही नोंद करता येईल : थर किती, काठ कोणत्या धाटणीचा, दोरा लुगड्यातून उसवून काढलेला की रिळाचा, कोणता तुकडा कोणाचा, फूल हाताने कातरलेले की छापील चिटातून उचललेले, आणि ते कोणत्या सांध्यावर बसविले आहे.