लिनक्स फोन रोजच्या वापरासाठी तयार आहे का?

अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल असतं. मग लिनक्स फोन वेगळा कसा? त्यात गुगलच्या सेवा नसतात आणि कॉम्प्युटरवर चालतं तसंच लिनक्स छोट्या स्क्रीनवर चालतं. पाइन६४ कंपनीचा पाइनफोन यातला ओळखीचा. मागचं कव्हर काढलं की मोडेम, वायफाय, माइक, कॅमेरे बंद करायचे बारीक स्विच दिसतात. बॅटरी ३,००० एमएएचची, सॅमसंगच्या जुन्या जे७ च्या मापाची, हाताने बदलता येते. हे मला फार आवडतं.

पण फोन तयार आहे का, हे स्पेसिफिकेशनवरून कळत नाही. करंजाडेहून रोज पनवेल स्टेशन गाठणाऱ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा.

सकाळचा गजर. बॅटरी वाचवायला फोन गाढ झोपतो. गजराच्या अ‍ॅपने त्याला उठवायची सोय केली नसेल तर गजर वाजतच नाही. कॉल आला की मोडेम आधी प्रोसेसरला जागं करतो, त्यात काही सेकंद जातात.

जिओचं २जी-३जी नाही, त्यामुळे कॉलला व्होल्टी लागतंच. पाइनफोनचा मोडेम व्होल्टी करू शकतो, पण त्यात योग्य प्रोफाइल निवडलेलं नसेल तर नेट चालतं आणि कॉल लागत नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल तर २जीवर तरी भागतं.

खरं घोडं अडतं ते यूपीआयपाशी. रिक्षावाल्याचा क्यूआर कोड समोर आहे, पण आपल्या नेहमीच्या यूपीआय अ‍ॅपची लिनक्स आवृत्तीच नाही. वेड्रॉइड वापरून अँड्रॉइड अ‍ॅप चालवता येतात. मात्र यूपीआयच्या नोंदणीसाठी तुमच्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि वेड्रॉइडला ते सिम दिसत नाही. शिवाय बँकांची अ‍ॅप सुरक्षा तपासणीत अडवतात ती वेगळीच. हे नियम बँका आणि अ‍ॅपवाल्यांच्या हातात, त्यामुळे लिनक्सच्या डेव्हलपरांनी कितीही कोड लिहिला तरी हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून माझं मत: दुसरा फोन म्हणून जरूर, एकमेव फोन म्हणून आत्ता नको. त्यासाठी परदेशातून मागवायचीही गरज नाही. घरात २०१८ चा वनप्लस ६ किंवा पोको एफ१ पडला असेल तर त्यावर पोस्टमार्केटओएस टाकून बघा. आधी त्यांच्या विकीवर आपल्या मॉडेलचं पान उघडून कॉल आणि कॅमेऱ्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. बूटलोडर अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटो आधीच काढून ठेवा.