पावसाचा जोर आणि जमिनीची धूप : एका विचाराचा इतिहास

पावसाने शेतातील माती वाहून जाते, ही गोष्ट शेतकऱ्यास पूर्वापार ठाऊक आहे. परंतु धूप पावसाच्या एकंदर मानावर अवलंबून असते की त्याच्या जोरावर, ह्या प्रश्नाचा प्रयोगाने उलगडा होण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत वोल्नी याने उतार आणि वनस्पतींचे आच्छादन यांचा धुपीशी असलेला संबंध तपासला. १९१७ साली अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठात मिलर याने आखीव वाफ्यांतून वाहून जाणारे पाणी व माती मोजण्यास प्रारंभ केला. भारतात १९३३ साली सुरू झालेल्या कोरडवाहू शेती संशोधन योजनेत सोलापूर व विजापूर ही केंद्रे होती. ह्या काळातील विचाराचा रोख मुख्यतः वाहत्या पाण्यावर होता. पडणाऱ्या थेंबाकडे फारसे लक्ष गेले नव्हते.

ती उणीव पुढील दशकात भरून निघाली. लॉज याने १९४१ साली थेंबांच्या पतनवेगाची मोजमापे प्रसिद्ध केली. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो, तर पाच मिलिमीटरचा सुमारे ९ मीटर वेगाने. वस्तुमानही १२५ पट असल्यामुळे मोठ्या थेंबाची गतिज ऊर्जा सहाशेपटीहून अधिक भरते. जोराच्या सरीत थेंब मोठे असतात. म्हणून तितकेच पाणी रिमझिम पडले असता होणारी धूप अल्प असते. १९४४ साली एलिसन याने थेंबाच्या आघाताने मातीचे कण सुटे होतात आणि त्यानंतर प्रवाह ते वाहून नेतो, असे प्रतिपादन केले. ऱ्होडेशियात हडसन याने एका उघड्या वाफ्यावर मच्छरदाणीची जाळी ताणली. पाऊस तोच असूनही जाळी नसलेल्या वाफ्यातून शंभरपटीहून अधिक माती गेली. १९५८ साली विशमायर व स्मिथ यांनी सरीची ऊर्जा आणि तिच्यातील तीस मिनिटांची कमाल तीव्रता यांच्या गुणाकारास धुपीचे माप ठरविले.

दख्खनच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. मुंबई प्रांताच्या १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीस अधिष्ठान दिले. परंतु बांध प्रवाह अडवितो, आघात अडवीत नाही. शिवाय खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरत असल्याने ते बांधामागे तुंबते व प्रसंगी बांध फुटतो. रब्बी ज्वारीसाठी राखलेले रान तर मृगापासून पेरणीपर्यंत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, उघडेच असते. पाऊस थोडा असूनही सोलापूर-विजापूरकडील माती का जाते, याचे एक उत्तर येथे सापडते. संरक्षणाचा विचार बांधापाशी न थांबता आच्छादनापर्यंत गेला पाहिजे, हाच ह्या इतिहासाचा बोध होय.