रिकाम्या कंसाची बेरीज

सी शिकून आलेल्याला लिस्पमधलं (+ १ २ ३ ४) बघून गंमत वाटते. एकाच अधिक चिन्हात कितीही आकडे! जॉन मॅकार्थींच्या लिस्प १.५ मध्येही (मॅन्युअल १९६२चं) प्लस आणि टाइम्स कितीही आकडे घ्यायचे. डिफरन्स मात्र दोनच घ्यायचा, आणि चिन्ह उलटवायला मायनस वेगळा.

१९८४च्या कॉमन लिस्पमध्ये ही दोन्ही कामं एकाच वजाच्या चिन्हाकडे आहेत. (- १० ५ २) म्हणजे ३, पण (- ५) म्हणजे उणे ५. मला हे काही पटत नाही बुवा! अप्लाय वापरून अख्खी यादी दिली आणि तिच्यात एकच आकडा निघाला, तर चिन्ह गुपचूप उलटतं. एरर वगैरे काही नाही.

बेरीज शहाणी. (+) म्हणजे ०, (*) म्हणजे १. त्यामुळे यादी कुठेही तोडा, तुकड्यांच्या बेरजा जुळतातच. रिकामं (-) मात्र सरळ एरर देतं.