गोधडीतला मुलूख

रायपुरातील मराठी वस्तीचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप भोसल्यांकडे वळते. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर आली, १७५८ मध्ये बिंबाजी भोसले तेथे कारभारास बसले, १८१८ मध्ये कर्नल ॲग्न्यू याने सुभ्याचे ठाणे रायपुरास आणले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. हे सारे आपण अनेकदा ऐकले आहे. परंतु कमाविसदार आणि कारकून यांच्या मागोमाग गाड्यांतून ज्या वळकट्या आल्या असतील, त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. त्या वळकट्यांत गोधडी असणारच. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

ब्राह्मणपारा, तात्यापारा या आपल्या जुन्या वस्त्यांत आपण जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो, तिलाच शेजारची छत्तीसगढी बाई कथरी म्हणते आणि बंगाली गृहिणी कांथा. संस्कृतातील संन्याशाची कंथा ती हीच. आपले गाडगेबाबा अंगावर चिंध्या पांघरून फिरत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. विरलेल्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरावयाचे, वर ठिगळे मांडावयाची आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे, एवढीच तिची कृती. उत्तर कानडा जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडील सिद्दी स्त्रिया अशाच कडेने शिवत आत येतात. चारी कोपऱ्यांवर घडीची लहान फुले बसविल्यावाचून त्यांची कवंदी पुरी होत नाही.

गोधडीत निसर्गचित्र नसते, हे मात्र मान्य केले पाहिजे. तिची ठिगळे बांधांनी आखलेल्या धानाच्या शेतांसारखी दिसतात खरी, पण ते साम्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. कापडावर सुईने देखावे उभे करण्याची कला आपल्या देशात वेगळ्या हेतूने वाढली. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगावच्या कारागिरांनी पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर वा मुगा रेशमाने गलबते, मासे आणि शिकारीचे प्रसंग भरले. आमच्या छत्तीसगढचा कोसा तो या टसराचाच भाऊबंद. पण ती रजई विकावयाची होती. आजीची गोधडी घरात पांघरावयाची होती.

आपल्या गोधडीची खरी बहीण आम्हांस सापडली ती पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर. कोणत्याही खंडापासून इतकी दूर असलेली बेटे जगात थोडीच. १८२० मध्ये तेथे आलेल्या अमेरिकन मिशनरी स्त्रियांनी ‘थॅडियस’ जहाजाच्या डेकवर सरदारघराण्यातील स्त्रियांना शिवणाचा पहिला पाठ दिला. झाडाच्या सालीचे कापड कुटून पांघरुणे करण्यात त्या आधीच निष्णात होत्या. चांगल्या कापडाचे तुकडे करून ते पुन्हा जोडण्याची मडमांची रीत पुढे तेथे मागे पडली. तेथील बायका अखंड कापडाची आठपदरी घडी घालून एका कातरणीत पानाफुलांची आकृती काढीत व ती दुसऱ्या रंगाच्या कापडावर बसवीत. आवडती आकृती नीरफणसाची, जो आपल्या कोकण-गोमंतकातही परसात असतो. आकृतीच्या कडेला धरून टाके बाहेर बाहेर सरकत जातात. बेटाला वेढणाऱ्या लाटाच जणू. चित्र न काढता सारे बेट पांघरुणात उतरले.

१८९३ मध्ये तेथील राणी लिलिउओकलानी हिचे राज्य गेले आणि १८९५ मध्ये तिला स्वतःच्याच राजवाड्यातील खोलीत सुमारे आठ महिने कोंडून ठेवण्यात आले. तेव्हा तिने सोबतिणींसह रेशमी तुकड्यांची एक रजई शिवावयास घेतली आणि तीवर नावे व तारखा भरल्या. ती आजही त्या इओलानी राजवाड्यात आहे. ज्यांचे खालसा झालेले राज्य कागदपत्रांतच शोधावे लागते, अशा आम्हा भोसलेशाहीच्या वारसांना हे वाचून थोडा हेवा वाटला, हे लपवीत नाही.

आता आपल्याकडे नऊवारी लुगडी सणापुरती उरली. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम टिपत नाहीत आणि विरून मऊही होत नाहीत. त्यांची गोधडी ऊब कमी देते आणि अंगावरून घसरते फार. कापसाची किंवा कंपनीची रजई बाजारात मिळते, तिला आमचा विरोध नाही. पण परदेशी असलेल्या आपल्या मुली आज कापडाच्या पट्ट्या आडव्या मांडून आकाश, डोंगर, समुद्र असे देखावे शिवावयास शिकू शकतात. त्यांनी स्कॉटलंडची बेटे जरूर शिवावीत, पण एखादीने मुरूडसमोरचा जंजिराही घ्यावा. समुद्राला आजीच्या हिरव्या इरकलीइतका योग्य रंग दुकानात मिळणार नाही.

ज्यांच्या पेटीत असा एखादा काठ अजून शिल्लक असेल, त्यांच्यापाशी आमची एक विनंती आहे. तो कोणी नेसलेला, कोठून आणलेला, कोणत्या साली, एवढे एका चिंधीवर दोऱ्याने भरून त्याला टाचून ठेवावे. शाईने लिहू नये. ती धुण्यात जाते.