पाण्यात बाईचा वाटा किती? स्त्री, जात आणि पर्यावरण न्याय

१९८२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, वॉरन काउंटीत, विषारी माती पुरण्यासाठी कृष्णवर्णीयांची वस्ती असलेला भाग निवडला गेला. विरोध करणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. ‘पर्यावरण न्याय’ ही संकल्पना या लढ्यानंतर रुजली. प्रदूषण आणि टंचाई सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हा तिचा गाभा. तिथे वाटा वंशावरून ठरतो, आपल्याकडे जातीवरून.

स्त्रीचे निसर्गाशी जवळचे नाते असते, अशी मांडणी वंदना शिवा यांनी केली. बीना अग्रवाल यांनी १९९२ मध्ये तिची चिकित्सा केली. हे नाते स्वभावातून नव्हे, तर श्रम आणि मालमत्ता यांच्या वाटणीतून घडते, असे त्यांचे म्हणणे. त्यात जातही धरावी लागेल. दुसऱ्याच्या रानात खुरपणारी भूमिहीन दलित बाई मातीच्या सर्वांत जवळ असते, पण सातबारावर तिचे नाव नसते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण ज्या घराण्याकडे जमीनच नाही, तिथे मुलगी वाटा कशात मागणार?

याचे एक उत्तर सांगली जिल्ह्यातच मिळते. कृष्णाकाठी ऊस आणि आटपाडी, जतमध्ये दुष्काळ, असा हा पट्टा. १९८२ च्या गिरणी संपात गावी परतलेल्या कामगारांच्या पुढाकाराने खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. कासेगावच्या डॉ. भारत पाटणकर आणि डॉ. गेल ऑम्वेट यांचा तिच्याशी जवळचा संबंध होता. येरळा नदीतील ठेकेदारांच्या वाळूउपशाला लोकांनी विरोध केला. थोडी वाळू स्वतः विकून त्या पैशाच्या आधारे बलवडी-तांदुळवाडीकरांनी बळीराजा धरण बांधले. त्यामागचे तत्त्व असे : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांनाही. पाण्यात हिस्सा असेल, तर दुसऱ्याची जमीन वाट्याने कसतानाही बोलणी करायला हाती काहीतरी असते.

मात्र ‘कुटुंबाला’ मिळालेले पाणी पुरुषाच्याच नावे लागू शकते. परित्यक्ता, विधवा, एकटी बाई यांची नोंद वेगळी हवी.

१९२७ च्या महाड सत्याग्रहाने पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावला. पाण्यात हिस्सा मिळवणे ही पुढची पायरी आहे. पुढच्या ग्रामसभेत पाणीयोजनेचा विषय निघेल, तेव्हा एवढेच विचारा : भूमिहीन बाईचा वाटा कुठे लिहिला आहे?