शेव्हरोले कॉर्व्हेअर

शेव्हरोले कॉर्व्हेअर ही जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या शेव्हरोले विभागाने १९५९ ते १९६९ या काळात उत्पादित केलेली मोटारगाडी आहे. इंजिन मागील बाजूस असलेली आणि ते पाण्याऐवजी हवेने थंड होणारी, मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ही एकमेव अमेरिकन गाडी होय. दहा वर्षांत तिच्या सुमारे १८ लाख गाड्या तयार झाल्या. साधे व नेटके बाह्यरूप, सपाट फरशी आणि चालवताना येणारा हलकेपणा यांमुळे ती लोकप्रिय झाली. मात्र सुरुवातीच्या गाड्यांच्या मागील सस्पेन्शनमुळे तिच्या सुरक्षिततेविषयी मोठा वाद उद्भवला. राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकातील पहिले प्रकरण याच गाडीवर आहे. त्यानंतरच्या घडामोडींतून अमेरिकेत वाहन सुरक्षेचा संघीय कायदा अस्तित्वात आला. त्यामुळे कॉर्व्हेअरचे नाव मोटारींच्या इतिहासाबरोबरच ग्राहक चळवळीच्या इतिहासातही घेतले जाते.

नाव

‘कॉर्व्हेअर’ हे नाव कॉर्व्हेट आणि बेल एअर या शेव्हरोलेच्याच दोन गाड्यांच्या नावांच्या संयोगातून तयार झाले आहे. १९५४ मध्ये जनरल मोटर्सच्या मोटोरामा प्रदर्शनात मांडलेल्या, कॉर्व्हेटवर आधारित एका प्रायोगिक गाडीला ते प्रथम देण्यात आले. ती गाडी उत्पादनात आली नाही. पुढे हेच नाव नव्या छोट्या गाडीसाठी वापरले गेले.

पार्श्वभूमी

१९५० च्या दशकात अमेरिकन गाड्या वर्षागणिक लांब, रुंद आणि वजनदार होत गेल्या. याच काळात जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलसारख्या छोट्या, स्वस्त आणि कमी इंधन लागणाऱ्या विदेशी गाड्यांची अमेरिकेतील विक्री वाढू लागली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या आर्थिक मंदीमुळे ग्राहकांचा ओढा अशा गाड्यांकडे अधिकच वाढला. या स्पर्धेला उत्तर म्हणून १९६० च्या मॉडेल वर्षासाठी तिन्ही मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी आपापल्या छोट्या गाड्या बाजारात आणल्या. फोर्डची फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे आणि चालना मागील चाकांना अशी रूढ रचनाच होती. शेव्हरोलेने मात्र पूर्णपणे वेगळा मार्ग पत्करला.

या निर्णयामागे एड कोल हे अभियंते होते. शेव्हरोलेचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी मागील बाजूस इंजिन असलेल्या छोट्या गाडीची कल्पना पुढे आणली आणि १९५६ मध्ये विभागाचे प्रमुख झाल्यावर ती प्रत्यक्षात उतरवली. इंजिन मागे असल्याने गाडीच्या मध्यातून जाणाऱ्या चालक दांड्याची गरज उरत नाही. त्यामुळे फरशी सपाट राहते आणि गाडीची उंची कमी असूनही आत सहा माणसांना बसता येते. चालक चाकांवर अधिक भार असल्याने निसरड्या रस्त्यावर पकड चांगली मिळते आणि पुढील चाकांवरील भार कमी असल्याने पॉवर स्टिअरिंगशिवायही सुकाणू हलके फिरते.

रचना

कॉर्व्हेअरचे इंजिन सहा सिलिंडरांचे होते. दोन्ही बाजूंना तीन-तीन सिलिंडर आडवे मांडलेले असल्याने त्याची उंची कमी होती. इंजिनाचा मुख्य भाग आणि सिलिंडरांचे माथे अ‍ॅल्युमिनियमचे, तर सिलिंडर बिडाचे होते. सुरुवातीला इंजिनाची क्षमता १४० घन इंच (सुमारे २.३ लिटर) आणि शक्ती ८० अश्वशक्ती होती. १९६१ मध्ये ही क्षमता १४५ घन इंच आणि १९६४ मध्ये १६४ घन इंच (सुमारे २.७ लिटर) करण्यात आली. रेडिएटर नसल्याने थंडीत पाणी गोठण्याची किंवा उन्हाळ्यात ते उकळण्याची चिंता नव्हती.

इंजिन थंड ठेवणारा पंखा इंजिनाच्या माथ्यावर आडवा बसवलेला होता. इंजिनाच्या मागील टोकाच्या उभ्या पुलीवरून या आडव्या पंख्याकडे जाणारा पट्टा वाटेत काटकोनात वळत असे. हा पट्टा तुटला किंवा निसटला की इंजिन झपाट्याने तापत असे, म्हणून अनेक मालक एक जादा पट्टा गाडीत बाळगत. पुश रॉडच्या नळ्यांभोवतीची रबरी कडी उष्णतेने कडक होऊन तेल गळणे हाही या इंजिनाचा परिचित दोष होता. आतील भाग उबदार ठेवण्यासाठी इंजिनावरून आलेली हवाच वापरली जात असल्याने गळलेल्या तेलाचा वास गाडीत शिरत असे.

गाडीला स्वतंत्र चासी नव्हती. सांगाडा आणि बाह्य भाग एकसंध होते. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते, ही त्या काळातील अमेरिकन गाड्यांच्या दृष्टीने असामान्य गोष्ट होती. सामान ठेवण्याची जागा पुढील झाकणाखाली होती. मुख्य उत्पादन मिशिगन राज्यातील विलो रन येथील कारखान्यात होत असे.

पहिली पिढी (१९६०–१९६४)

कॉर्व्हेअर २ ऑक्टोबर १९५९ रोजी विक्रीस आली. ‘मोटर ट्रेंड’ या नियतकालिकाने तिला १९६० सालची सर्वोत्कृष्ट गाडी ठरवले. पहिल्या मॉडेल वर्षात सुमारे अडीच लाख गाड्या तयार झाल्या. मात्र साधी, स्वस्त आणि कोणत्याही कारागिराला दुरुस्त करता येणारी फोर्ड फाल्कन त्याच वर्षी चार लाखांहून अधिक विकली गेली. काटकसरी ग्राहक आपल्याकडे वळत नाही हे लक्षात आल्यावर शेव्हरोलेने रूढ रचनेची चेव्ही टू ही गाडी विकसित करून १९६२ साठी बाजारात आणली.

कॉर्व्हेअरला तिचा खरा ग्राहक वेगळ्याच ठिकाणी मिळाला. १९६० च्या मध्यास पुढे दोन स्वतंत्र आसने आणि अधिक चांगली अंतर्गत सजावट असलेला मोंझा हा दोन दारांचा प्रकार दाखल झाला. तो तरुण ग्राहकांना इतका आवडला की १९६१ मध्ये तयार झालेल्या कॉर्व्हेअर मोटारींपैकी सुमारे निम्म्या मोंझा होत्या. काटकसरीची गाडी म्हणून आणलेली कॉर्व्हेअर अशा रीतीने छोटी, परवडणारी आणि चालवण्यात आनंद देणारी गाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. या बाजारपेठेचे अस्तित्व मोंझामुळे फोर्डच्या लक्षात आले आणि त्यातून १९६४ च्या मस्टँगच्या निर्मितीला चालना मिळाली.

या पिढीत अनेक प्रकार उपलब्ध होते. १९६१ मध्ये लेकवुड ही स्टेशन वॅगन, ग्रीनब्रायर ही प्रवासी व्हॅन आणि रॅम्पसाइड हा पिकअप ट्रक सादर झाला. रॅम्पसाइडच्या एका बाजूची फळी खाली उतरवून तिचाच चढ म्हणून उपयोग करता येत असे. १९६२ मध्ये उघड्या टपाची मोंझा आणि १५० अश्वशक्तीच्या टर्बोचार्ज्ड इंजिनाची मोंझा स्पायडर आली. त्याच वर्षीची ओल्ड्समोबिल जेटफायर आणि ही स्पायडर या टर्बोचार्जर असलेल्या जगातील पहिल्या दोन उत्पादित प्रवासी मोटारी मानल्या जातात.

मागील सस्पेन्शनचा प्रश्न

पहिल्या पिढीत मागील बाजूस ‘स्विंग अ‍ॅक्सल’ या पद्धतीचे सस्पेन्शन होते. या रचनेत प्रत्येक मागील चाकाचा दांडा केवळ आतील टोकाला, म्हणजे गिअरपेटीजवळ, लवचिक सांध्याने जोडलेला असतो. त्यामुळे चाक वरखाली होताना त्याचा रस्त्याशी असलेला कोनही बदलतो. तीव्र वळणावर गाडीचा मागील भाग उचलला गेल्यास बाहेरील चाक आतल्या बाजूस दुमडल्यासारखे होते आणि टायरची पकड एकाएकी कमी होते. एकूण वजनापैकी साठ टक्क्यांहून अधिक भार मागे असल्याने अशा वेळी गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाण्याची आणि क्वचित गाडी उलटण्याची शक्यता असे. फोक्सवॅगन बीटल, रेनॉ डॉफिन आणि काही मर्सिडीज-बेंझ गाड्यांतही याच पद्धतीचे सस्पेन्शन होते.

हा दोष आटोक्यात ठेवण्यासाठी कंपनीने टायरमधील हवेच्या दाबावर भिस्त ठेवली. पुढील टायरमध्ये १५ आणि मागील टायरमध्ये २६ पौंड प्रति चौरस इंच दाब ठेवण्याची सूचना पुस्तिकेत होती. पुढील टायर मुद्दाम नरम ठेवल्याने पुढच्या चाकांची पकड कमी होऊन समतोल साधला जाई. परंतु दोन्हीकडे सारखीच हवा भरण्याची सवय असलेल्या चालकांना आणि पेट्रोल पंपावरील कामगारांना या फरकाचे महत्त्व ठाऊक नसे. पुढील बाजूस स्थिरता दांडा बसवल्यास गाडीचे वर्तन सुधारत होते, मात्र सुरुवातीच्या गाड्यांत तो मूळ रचनेचा भाग नव्हता. १९६४ मध्ये तो सर्व गाड्यांत बसवण्यात आला आणि मागे आडवी पाटा स्प्रिंगही देण्यात आली.

जनरल मोटर्सचे माजी अधिकारी जॉन डिलोरियन यांच्या आठवणींवर आधारित ‘ऑन अ क्लिअर डे यू कॅन सी जनरल मोटर्स’ हे पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. या रचनेविषयी कंपनीच्याच अभियंत्यांनी आधी इशारा दिला होता आणि गाडीमागे सुमारे १५ डॉलरचा खर्च नको म्हणून स्थिरता दांडा टाळला गेला, असे डिलोरियन यांचे त्यात म्हणणे आहे.

दुसरी पिढी (१९६५–१९६९)

१९६५ साठी कॉर्व्हेअरची नव्याने रचना करण्यात आली. मागील बाजूस कॉर्व्हेट स्टिंग रेच्या धर्तीवरील पूर्णतः स्वतंत्र सस्पेन्शन आले, त्यामुळे स्विंग अ‍ॅक्सलचा मूळ दोष नाहीसा झाला. बिल मिचेल यांच्या नेतृत्वाखालील विभागाने घडवलेले नवे बाह्यरूप वाहत्या वळणांचे होते आणि दोन्ही दारांमधील खांब नसल्याने काचा खाली केल्यावर बाजू पूर्ण मोकळी दिसे. कोर्सा या सर्वोच्च प्रकारात चार कार्ब्युरेटरांचे १४० अश्वशक्तीचे किंवा टर्बोचार्ज्ड १८० अश्वशक्तीचे इंजिन मिळत असे. पेनसिल्व्हेनियातील विक्रेते व शर्यतपटू डॉन येन्को यांनी १९६६ मध्ये या गाडीवर आधारित ‘स्टिंगर’ ही शर्यतीची गाडी तयार केली.

नेडर यांचे पुस्तक आणि कायदा

‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक नोव्हेंबर १९६५ मध्ये, म्हणजे सुधारित कॉर्व्हेअर बाजारात आल्यानंतर सुमारे वर्षभराने, प्रसिद्ध झाले. त्यातील टीका १९६० ते १९६३ च्या गाड्यांवर होती. त्या वेळी जनरल मोटर्सविरुद्ध कॉर्व्हेअरच्या अपघातांसंबंधी शंभरहून अधिक दावे दाखल होते. पुस्तकाची उर्वरित प्रकरणे इतर कंपन्यांच्या गाड्या, आघातात चालकाच्या छातीत घुसणारे सुकाणू, डॅशबोर्डचे टणक भाग आणि प्रदूषण अशा विषयांवर आहेत. अपघाताचा सर्व दोष चालकावर टाकण्याऐवजी वाहनाच्या रचनेचीही तपासणी व्हावी, हा त्याचा मुख्य मुद्दा होता.

जनरल मोटर्सने नेडर यांच्या खासगी आयुष्याची माहिती काढण्यासाठी गुप्तहेर नेमल्याचे १९६६ मध्ये उघड झाले. २२ मार्च १९६६ रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांनी सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांच्या उपसमितीपुढे जाहीर क्षमा मागितली. या प्रकरणामुळे पुस्तकाला मोठी प्रसिद्धी मिळाली. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि गाड्यांसाठी सुरक्षेची किमान मानके ठरवण्याचा अधिकार संघीय शासनाला मिळाला. नेडर यांनी खासगीपणाच्या भंगाबद्दल लावलेला दावा १९७० मध्ये ४,२५,००० डॉलरवर मिटला.

उत्पादनाची अखेर

१९६५ मध्ये दोन लाखांहून अधिक तयार झालेल्या कॉर्व्हेअरचे उत्पादन १९६६ मध्ये सुमारे एक लाखावर आणि १९६७ मध्ये सुमारे २७ हजारांवर आले. याचे श्रेय वा दोष अनेकदा केवळ नेडर यांना दिला जातो. परंतु शक्तिशाली व्ही-८ इंजिन मिळणारी मस्टँग तोपर्यंत बाजारात स्थिरावली होती आणि कॉर्व्हेअरमध्ये तसे इंजिन बसवणे शक्य नव्हते. पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९६५ च्या पूर्वार्धात, कंपनीने कॉर्व्हेअरचा पुढील विकास थांबवला होता. तिची जागा घेणारी कमॅरो १९६७ साठी बाजारात आली. १९६९ च्या मॉडेल वर्षात केवळ ६,००० कॉर्व्हेअर तयार झाल्या. शेवटची गाडी १४ मे १९६९ रोजी बाहेर पडली.

१९७२ चा अहवाल

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९६३ च्या कॉर्व्हेअरची फाल्कन, व्हॅलियंट, बीटल आणि डॉफिन या समकालीन गाड्यांबरोबर चाचणी घेतली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, कॉर्व्हेअरच्या हाताळणीमुळे तिच्यावरील ताबा सुटण्याची किंवा ती उलटण्याची शक्यता त्या काळातील इतर गाड्यांपेक्षा अधिक नव्हती. नेडर यांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. चाचणी तुलनात्मक होती. सुधारणा १९६४ पूर्वीच का झाल्या नाहीत, हा नेडर यांच्या टीकेतील प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला.

वारसा

कॉर्व्हेअरच्या चारही बाजूंनी फिरणाऱ्या ठळक कंबररेषेचा प्रभाव एनएसयू प्रिन्झ ४, हिलमन इंप आणि बीएमडब्ल्यूच्या १९६० च्या दशकातील गाड्यांवर दिसतो. हलक्या आणि रेडिएटरविना चालणाऱ्या तिच्या इंजिनाचा वापर हौशी विमान-बांधणी करणाऱ्यांनीही केला. बर्नार्ड पिटनपोल यांनी आपल्या एअर कँपर या विमानात ते बसवले होते.

१९६९ मध्ये स्थापन झालेली कॉर्व्हेअर सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था मालकांना तांत्रिक माहिती पुरवते आणि संमेलने भरवते. उष्णता सहन करणारी नवी रबरी कडी वापरून तेलगळती रोखता येत असल्याने आज या गाड्या मूळ मालकांच्या काळापेक्षा अधिक विश्वसनीयपणे चालतात. समकालीन मस्टँग किंवा कॉर्व्हेटच्या तुलनेत त्यांची किंमत बरीच कमी असल्याने जुन्या गाड्यांच्या नव्या हौशी संग्राहकांचीही त्यांना पसंती असते.