पाकिटावर मळ्याचे नाव आहे, मजुराचे का नाही?

नाशिकमधल्या आमच्या काही तरुण मित्रांना सध्या नवा छंद लागला आहे. कॉफीचे कच्चे, हिरवे दाणे मागवायचे आणि घरीच लोखंडी कढईत भाजायचे. दाणा आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि लाहीसारखा तडतडतो. घरभर वास सुटतो. छंद चांगला आहे, आम्हीही ती कॉफी चवीने पितो.

पण त्या पाकिटावर ‘सिंगल इस्टेट’ असे छापलेले असते. म्हणजे सगळे दाणे एकाच मळ्यातले. खाली मळ्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा वाण, दाणे धुऊन वाळवले की फळासकट वाळवले, अशी सगळी माहिती असते. झाडाची सात पिढ्यांची वंशावळ सांगणारे हे पाकीट फळ तोडणाऱ्या हाताबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. आमचा प्रश्न कॉफीबद्दल नाही, ‘इस्टेट’ या शब्दाबद्दल आहे. हा शब्द कशावर उभा आहे?

सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी फकिराने येमेनमधून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात पेरले, अशी आख्यायिका आहे. कॉफीवाले ती आवडीने सांगतात. पण फकिराच्या सात दाण्यांची ‘इस्टेट’ होत नाही. इस्टेटी उभ्या राहिल्या एकोणिसाव्या शतकात, इंग्रज मळेवाल्यांच्या काळात, चिकमगळूर, कोडगू आणि वायनाडच्या डोंगरांत. तिथे राबले कोण?

उत्तर इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. एडगर थर्स्टनने १९०९ साली दक्षिण भारतातील जाती-जमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वायनाडच्या पणिय लोकांबद्दल एक नोंद आहे. मळेवाले वायनाडमध्ये आले तेव्हा त्यांनी जमीन विकत घेतली ती तिच्यावर राहणाऱ्या पणियांसकट. हे लोक जमीनमालकांचे जवळजवळ गुलामच होते. म्हणजे जमीन, झाडे आणि माणसे असा एकच सौदा! इस्टेट या शब्दाचा हा अर्थ पाकिटावर मावत नाही.

कोणी म्हणेल, गुलामी तर कायद्याने संपली होती. होय, १८४३ च्या कायद्याने गुलामावरची मालकी न्यायालयाने मानणे बंद केले. पण सुटलेल्या माणसाला जमीन दिली नाही. ज्याच्या पायाखाली स्वतःची वीतभर जमीन नाही, तो कागदावर सुटला तरी जाणार कुठे? पुढे १८५९ साली दुसरा कायदा आला. उचल घेतलेला मजूर काम सोडून गेला, तर मॅजिस्ट्रेट त्याला कामावर परत धाडू शकत होता, नाहीतर तुरुंगात. साखळी गेली आणि उचल आली. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. वायनाडच्या वल्लियूरकावू देवीच्या जत्रेत तर विसाव्या शतकातही पणिय आणि अडिय माणसांना आगाऊ रक्कम देऊन वर्षभरासाठी बांधून घेतले जाई. देवीच्या दारात माणसांचा बाजार!

काहीजण आम्हाला विचारतात, “कॉफीतही तुम्ही जात काढता?” मित्रांनो, जात आम्ही काढली नाही, ती तिथे आधीपासूनच होती. मद्रासेत कॉफी-खाण्याच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मण’ हा शब्द मिरवत असे. तो हटवण्यासाठी १९५७ साली पेरियारांना आंदोलन करावे लागले. मळ्यात जात आणि कपातही जात.

हे फक्त भारतात घडले असेही नाही. ब्राझीलची कॉफी आफ्रिकी गुलामांच्या घामावर वाढली. तिथे गुलामगिरी संपवणारा कायदा झाला तो १३ मे १८८८ रोजी. त्याच्या दोनच दिवस आधी, ११ मे १८८८ ला, मुंबईत जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. हा योगायोगच. पण अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ अर्पण करणाऱ्या जोतीरावांना शूद्रातिशूद्रांचे आणि काळ्यांचे दुःख एकच आहे हे कळले होते. आपल्याला कॉफीच्या कपातून ते कळले, तरी चालेल.

आता घराकडे वळू. वायनाडचा पणिय जमिनीला बांधलेला होता, तसा आपला आजा-पणजा वतनाला बांधलेला होता. महारकीचे वतन म्हणजे नावाला जमीन आणि बदल्यात गावाची रात्रंदिवस फुकट चाकरी. ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मागणी केली. जमिनीचा प्रश्न सुटल्याशिवाय मजुराची सुटका नाही, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच, १९४४ साली, रेगे समिती नेमली गेली. तिने मळ्यांतल्या मजुरांच्या स्थितीचीही चौकशी केली. पुढे १९५१ साली मळा कामगार कायदा झाला. घर, पिण्याचे पाणी, दवाखाना, पाळणाघर या गोष्टी मळेवाल्यांवर बंधनकारक झाल्या. हा मोठा विजय होता. पण घर मळ्याचेच राहिले. नोकरी गेली की डोक्यावरचे छप्परही गेले. सोयी मिळाल्या, जमीन मिळाली नाही.

जमीन मिळाली तर काय होते, हे आंध्रच्या अराकू खोऱ्यात दिसते. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर १९७० च्या नियमाने तिथे बंदी आली. अनेक आदिवासी कुटुंबे लहान लहान तुकड्यांवर, सावलीच्या झाडांखाली आणि मिरीच्या वेलांसोबत कॉफी घेतात आणि सहकारी संस्थांमार्फत विकतात. २०१९ साली अराकूच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथेही सगळे सुख नांदते असे नाही. पण कॉफी उत्तम व्हायला ‘इस्टेट’चा मालक लागतोच, हा समज अराकूने खोटा पाडला.

आणि आपले नाशिक? काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सेनानी दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. त्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. मंदिराच्या दारापासून शेताच्या बांधापर्यंतचा तो सरळ रस्ता होता. आज त्याच दिंडोरीत द्राक्षांचे मळे पसरले आहेत आणि पेठ-सुरगाण्याचे आदिवासी तिथे छाटणीला, तोडणीला येतात. द्राक्षाच्या पेटीवरही त्यांचे नाव नसते. म्हणून वायनाडबद्दल बोलताना दिंडोरीकडे पाठ फिरवता येणार नाही.

तेव्हा कॉफी जरूर भाजा, जरूर प्या. कोणत्याही चवीवर कोणाची मिरासदारी नाही. फक्त दाणे मागवताना विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : तोडणीची मजुरी किती? मजूर राहतात कुठे? जमीन कोणाची? उंची आणि वाण सांगणाऱ्याला हेही सांगता आले पाहिजे. आणि हेच तीन प्रश्न येत्या हंगामात द्राक्षाच्या मळ्यावर जाऊनही विचारू.

जय भीम!